कुटुंबोत्सवाची पाहुणी

वस्तुसंग्रहालय, शिक्षण विभाग
४ ऑक्टोबर

प्रति,
स्केट-विभाग, बर्फाचे मैदान

विषय : हिवाळी खेळांच्या कुटुंबोत्सवासाठी माहिती मिळण्याबाबत.

महोदया,

येत्या फेब्रुवारीत हिवाळी क्रीडास्पर्धा आपण राहता त्या देशात भरत आहेत. त्या निमित्ताने आमचे संग्रहालय एक दिवसाचा कुटुंबोत्सव योजत आहे. आजीआजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी मिळून हिवाळी खेळ खेळून पाहावेत आणि यजमान देशाच्या संस्कृतीची ओळख करून घ्यावी, असा हेतू आहे. आमच्या गावात बर्फ फक्त फ्रीजमध्ये पडत असल्याने आपल्या माहितीचा मोठा आधार होईल. तेथील कुटुंबे हिवाळ्यात घराबाहेर काय करतात, मुले काय खेळतात, हे सवडीने कळवावे.

आपली विश्वासू,
शिक्षण अधिकारी

ता. क. वरचं टंकलेखन विभागातल्या मुलीने केलं, हे मी हाताने लिहिते आहे. तुला वाटेल म्हातारीने हे काय सोंग काढलं. तर ऐक. तुमच्या घटस्फोटाचा निकाल लागला त्या दिवशी आमच्या चिरंजीवांनी माझ्याकडून शपथ घेतली की त्यांच्या बायकोला, म्हणजे आता नसलेल्या बायकोला, मी घरातून ना फोन करणार ना पत्र लिहिणार. घरातून, असं तो स्वतः म्हणाला. मी कचेरीतून लिहिते आहे. शपथ मोडली असं मला तरी वाटत नाही, आणि वाटलं असतं तरी लिहिलंच असतं.

तू माझी सून होतीस आणि खारू माझी नात आहे. पहिल्या नात्याचा निकाल कोर्टाने लावला, दुसऱ्याचा कुणाला लावता येत नाही. तुला मायना काय लिहावा हाच मोठा प्रश्न होता. 'चि. सौ.' लिहिता येईना, नुसतं नाव लिहायला हात धजेना. 'महोदया' बरं पडलं.

खारूचे पुढचे दात पडले का? अजून गालात खाऊ साठवून ठेवते का? एवढं दोन ओळीत लिही. पाकिटावर 'शैक्षणिक उपक्रम' असं लिही, म्हणजे आवक टेबलावर कुणी फोडणार नाही. त्या शब्दांना इथे सगळे घाबरतात.


२२ ऑक्टोबर

माननीय शिक्षण अधिकारी यांस,

आपले पत्र मिळाले. विचारलेली माहिती अशी.

इथली कुटुंबं हिवाळ्यात बाहेर पडतात, कारण घरात बसली तर एकमेकांच्या अंगावर धावून जातील. मुलांना घसरगाडीवर बसवून बर्फावरून ओढतात. मोठी माणसं पायांना लांब फळ्या बांधून माळरानावर चालतात. माझ्या मैदानावर लोक पातीवाले बूट भाड्याने घेतात आणि गोल गोल फिरतात. एक खेळ असा आहे की एकाने वर मूठ बसवलेला जड दगड बर्फावरून सरकवायचा आणि दोघांनी त्याच्या पुढे झाडूने वाट घासत पळायचं. बघायला वेडेपणा वाटतो, पण माणसं त्यासाठी आयुष्य घालवतात.

संस्कृतीचं मला विचारू नका. मी बुटांच्या पात्यांना धार लावायच्या काउंटरमागे उभी असते, इथल्या लोकांना मी पायांवरून ओळखते. एवढंच सांगेन, की तुमच्या पाट्यांवर 'या देशातील लोकांचे बर्फावर प्रेम आहे' असं लिहू नका. रोज सकाळी ते बर्फाला शिव्या देतात आणि फावडं उचलतात.

कळावे.

ता. क. दात पडले. नवे आलेही, जरा वाकडे आहेत. गालात साठवणं सुटलं, आता खिशात साठवते.


८ नोव्हेंबर

महोदया,

आपल्या बहुमोल माहितीबद्दल संग्रहालय आभारी आहे.

झालं ते टंकलेखन. बाकीचं मीच लिहिते.

तुझं फावड्याचं वाक्य मी पाटीवर जसंच्या तसं घेतलं. आमच्या साहेबांनी ते तीनदा वाचलं आणि विचारलं, तिकडच्या वकिलातीला चालेल का. वकिलातीतल्या बाई वाचून इतक्या हसल्या की त्यांनी उत्सवाचा अर्धा भार स्वतःहून उचलला.

साहेबांना मात्र बर्फ हवा होता. आधी म्हणाले साबणाचा फेस करू, मग म्हणाले कापूस पसरू. आमचे रसायनवाले, जे जुन्या वस्तूंना बुरशीपासून वाचवतात, ते दारात आडवेच झाले. फेसाने दमट होईल, कापसात किडे होतील, आणि तसं केलंत तर मी व्हेलच्या सांगाड्याखाली उपोषणाला बसेन, म्हणाले. म्हणून आता बर्फ नाही. मोठ्या दालनाची फरशी आम्ही मेण लावून घासली आहे. मोजे घातले की लहान मूल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुळकन जातं. दगडाच्या खेळासाठी दगड मिळेनात, तर मी सगळ्यांना घरचे कुकर आणायला सांगितले. आत वाळू, झाकण घट्ट, शिट्टी काढलेली. मुठीला धरायचं आणि सोडायचं. काल लेखा विभाग आणि सुरक्षा विभाग यांचा सामना झाला, कामं टाकून सगळे बघत होते.

आता मुद्द्याचं. वकिलात यजमान देशातून एक पाहुणं मूल आणि सोबत एक मोठं माणूस बोलावणार आहे, येणंजाणं त्यांच्याकडे. इथल्या मुलांना तोल कसा सांभाळायचा ते त्या मुलाने दाखवायचं. मूल मी सुचवायचं आहे. मी खारूला सुचवते आहे. तू तिला घेऊन ये. राहायला संग्रहालयाचं अतिथीगृह आहे, आमच्या घरी पाऊल टाकायची गरज नाही. मी तिला तू दिलेल्या फोटोत बघते, तर त्या फोटोत ती अजून रांगते आहे. आता ती कशी चालते तेही मला माहीत नाही. माझा जीव नुसता वरखाली होतो आहे, साधी पाटी लिहायला बसले तरी शब्द सुचत नाहीत.


२६ नोव्हेंबर

माननीय अधिकारी,

हे कुणाच्या डोक्यातून निघालं ते आधी सांगा.

तुम्हाला कदाचित घरात कुणी सांगितलं नसेल. तुमचा मुलगा इथून कायमचा निघायच्या आदल्या आठवड्यात त्याने खारूला शाळेच्या दारातून परस्पर नेलं होतं. संध्याकाळ होऊन गेली तरी पत्ता नाही. मी पोलिसांत गेले. सापडली तेव्हा ती गाडीत मागच्या सीटवर झोपली होती, आणि तिच्या बुटांशेजारी तिची बॅग होती. कपडे भरलेली. त्या दिवसापासून तिचा पासपोर्ट मी बँकेच्या कुलपात ठेवते.

कोर्टाने मुलगी माझ्याकडे दिली ती या देशाच्या कोर्टाने. ती तिथे आली आणि त्याने अडवून ठेवली, तर मी कुणाच्या दारात उभी राहू? तिथे तुमचे नातेवाईक, तुमचे वकील, तुमचं गाव. माझ्याकडे काय असेल, परतीचं तिकीट आणि पातीवाले बूट.

मला एकच सांगा. त्याला हे माहीत आहे का? हो किंवा नाही. गोल गोल लिहू नका.


१४ डिसेंबर

नाही.

त्याला माहीत नाही.

बॅगेचं मला कुणी सांगितलं नव्हतं. वाचलं आणि खुर्चीत बसूनच राहिले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पाणी आणून दिलं, त्यांना वाटलं माझा रक्तदाब वाढला. त्याला विचारता येत नाही, कारण विचारलं तर कुणी सांगितलं हे सांगावं लागेल. म्हणून मी त्याच्याकडे नुसती बघत बसते. तो जेवतो, ताट उचलून ठेवतो, बातम्या लावतो आणि बघत नाही. वाईट नाही गं तो. हट्टी आहे, आणि हरल्यासारखा झाला आहे. निदान मला तो तसा दिसतो.

फेब्रुवारीत कंपनी त्याला दौऱ्यावर पाठवते आहे. उत्सवाच्या आठवड्यात तो गावात नसेल, हे त्याने स्वतः मला सांगितलं, मी खोदून विचारलं नाही. तू आलीस आणि तुझ्या केसाला धक्का लागला, तर जबाबदार मी. यापलीकडे माझ्याकडे द्यायला काही नाही.

मला चैन नाही. टपालाची पिशवी आली की मी जिना उतरते, आणि माझं काही नसलं की कुणी बघायच्या आत वर येते. या वयात शोभत नाही हे मला कळतं.


२ जानेवारी

आई,

आम्ही येतोय.

हे लिहिण्याआधी मी दोन पत्रं फाडली. मैदानावरची माझी मैत्रीण म्हणाली, जाऊ नकोस. माझी वकीलही तेच म्हणाली. पण मी खारूला फक्त विचारलं, की आजीच्या संग्रहालयात जायचं का, तर ती सोफ्यावरून उडी मारून थेट बूट काढायला गेली. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. वर्गातल्या सगळ्यांना सांगून झालं. तिला कळवायचंय की ती मागे मागे पण घसरू शकते. व्हेलचा सांगाडा खरा आहे का, आणि खरा असेल तर बाकीचा व्हेल कुठे गेला, असं विचारतेय. तिचं मराठी जरा लंगडं झालंय. रोज झोपताना मी तिच्याकडून दहा वाक्यं म्हणून घेते. 'आजी, तुमचा कुकर सरकवू का' हे तिचं आवडतं.

वकिलातीने बारा फेब्रुवारीची तिकिटं पाठवली. पासपोर्ट मी काल बँकेतून आणला. हातात घेतला आणि परत ठेवून यावा असं वाटलं, खोटं कशाला बोलू. तुमच्या मुलावर माझा विश्वास नाही, तो कधी बसेल असंही वाटत नाही. मी तुमच्या शब्दावर येते आहे.


वस्तुसंग्रहालय, शिक्षण विभाग
१७ जानेवारी

विषय : कुटुंबोत्सव रद्द झाल्याबाबत.

महोदया,

अपरिहार्य कारणास्तव संग्रहालयाचा नियोजित हिवाळी कुटुंबोत्सव रद्द करण्यात आला आहे. आपणास व पाहुण्या मुलीस दिलेले निमंत्रण मागे घेण्यात येत आहे. वकिलातीस कळविले आहे. आपण प्रवास करू नये. कोणीही, कोणत्याही कारणाने, पुन्हा निमंत्रण दिल्यास ते स्वीकारू नये.

झालेल्या गैरसोयीबद्दल संग्रहालय दिलगीर आहे.

आपली विश्वासू,
शिक्षण अधिकारी


३१ जानेवारी

तुमचं पत्र मिळालं. नुसतं टंकलेखन, हाताने लिहिलेली एक ओळ नाही.

मी ते उलटून बघितलं. पाकीट फाडून आत बघितलं. खारू शेजारी उभी होती, तिला वाटलं आजीने काहीतरी पाठवलंय.

तिला काय सांगायचं होतं? मी सांगितलं कार्यक्रम रद्द झाला. ती म्हणाली, मग नुसतं भेटायला जाऊ. मी म्हटलं, बोलावलं नाहीये. ती आत जाऊन बॅगेतून एकेक कपडा काढून कपाटात ठेवायला लागली. तेही नीट घड्या घालून. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

माझ्याशी कसंही वागा, मला सवय आहे. पण पोरीला आशेला लावून तुम्ही असं तोंडावर दार लावाल असं मला वाटलं नव्हतं. यापुढे पत्र पाठवू नका. कचेरीतूनही नको.


२७ फेब्रुवारी

आई,

मीच लिहू नका म्हटलं आणि मीच लिहिते आहे.

आज मैदानावरच्या चहाच्या टेबलावर इथलं वर्तमानपत्र पडलं होतं. स्पर्धांनिमित्त जगात कुठे कुठे काय काय झालं, त्याचं एक पान होतं. त्यात तुमचं दालन आहे. व्हेल, कुकर, मोज्यांतली मुलं, झाडू घेऊन पळणारे कुणाचे तरी आजोबा. खाली ओळ, की दूरच्या एका संग्रहालयात बर्फाशिवाय हिवाळी उत्सव उत्साहात पार पडला.

आधी डोक्यात तिडीक गेली. रद्द झाला म्हणे. उत्सव झाला, फक्त आम्ही नको होतो. पान चुरगळून टाकणार होते. मग परत उघडलं, कारण तुम्ही कुठे दिसता का ते बघायचं होतं. तुम्ही सापडलात, खांबाजवळ, हातात कर्णा. तुम्ही खेळाकडे बघत नव्हता. तुम्ही जिकडे बघत होता तिकडे मी बघितलं.

फोटोत सगळी माणसं फरशीकडे बघताहेत. दोघंच दाराकडे बघताहेत. एक तुमचा मुलगा, दौऱ्यावर गेलेला. आणि त्याच्या शेजारी त्याचा तो वकील मित्र, उत्सवात काखेत फाइल घेऊन.

मैत्रिणीने काउंटर सांभाळलं, मी मागे जाऊन ओल्या बुटांच्या खोलीत बसले. ते दोघं आमची वाट बघत होते ना? आणि आम्ही आलो असतो तर त्या दारातून खारू पुढे पळत आली असती. ती नेहमी पुढे पळते.

आई, तुम्ही आम्हाला वाचवलंत. पण मला खरं का लिहिलं नाहीत? महिनाभर मी तुम्हाला मनात नको नको ते बोलले.


१५ मार्च

चि. पोरी,

मनात बोललीस ना, मग ठीक आहे. मला ऐकू आलं नाही.

झालं ते माझ्याच तोंडामुळे. वकिलातीतल्या बाईंनी विचारलं, ही मुलगी तुमची कोण? मी पाहुणी म्हणायचं, तर तोंडातून 'नात' निघून गेलं. इतक्या दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं गं. त्यांना कोण आनंद झाला. त्यांनी कौतुकाने घरी फोन लावला, आणि तो चिरंजीवांनी उचलला.

तो मला एका शब्दाने बोलला नाही. दौरा रद्द झाला एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी वकील मित्र घरी आला. मी चहा घेऊन गेले, तर हा विचारत होता, की मुलगी एकदा गावात आली की इथल्या कोर्टात अर्ज कधी टाकता येईल. मला बघून वकिलाने फाइल मिटली. हा माझा मुलगा, ज्याला मी हरलेला समजत होते. मी कप ठेवले, आत आले, आणि दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच ते पत्र टंकून घेतलं.

हाताने लिहायला बसले होते. पहिल्या शब्दाशीच थांबले. 'माझा मुलगा तुझ्या मुलीला पळवणार आहे' असं वाक्य मला लिहिता आलं नाही. तो कागद तू उद्या कोर्टात दाखवला असतास, आणि तुला दाखवावाच लागला असता. मी त्याची आई आहे. तुला वाचवायचं होतं आणि त्याला माझ्या हाताने बुडवायचं नव्हतं. यात खारूच्या घड्या घातलेल्या कपड्यांचा विचार माझ्याकडून राहिला. तुझं ते पत्र मी नंतर रोज वाचलं, शिक्षा म्हणून.

वकिलातीला सांगितलं पाहुणी आजारी आहे. घरी काहीच सांगितलं नाही. त्याला वाटत राहिलं तुम्ही येणार, म्हणून दुसरं काही त्याने केलं नाही.

उत्सवाला गाव लोटलं होतं. मोजे कमी पडले, साहेबांनी स्वतःचे काढून दिले. वकिलातीच्या बाईंनी त्यांच्या देशातलं एक गाणं शिकवलं, कुणाला शब्द कळले नाहीत तरी सगळे मोठ्याने गायले. लेखा विभागाचा कुकर सुटून तिकीट खिडकीवर आदळला. मुलं हसून लोळत होती, मी कर्ण्यातून नावं पुकारत होते, आणि तो दारात उभा होता. पाहुणी आली का, असं प्रत्येक वेळी कुणी विचारलं की त्याची मान वर व्हायची. शेवटी दालन रिकामं झालं, वकील निघून गेला, आणि त्याने मला विचारलं, कधी येणार त्या? मी म्हटलं, येणार नाहीत. मी कळवलंय. मला वाटलं ओरडेल. तो खाली बसला, त्या मेण लावलेल्या फरशीवर, आणि आम्ही दोघांनी मिळून सगळे कुकर पुसले.

या महिनाअखेर मी निवृत्त होते आहे. तू बोलावलेलं नाहीस, पण मी येणार आहे. वकिलातीच्या बाईंनी व्हिसाचं बघून दिलं. मुक्काम मैदानाजवळच्या कुठल्याही खोलीत चालेल.

त्याला मी सांगून निघते आहे, या वेळी शपथेत पळवाट नाही. तो म्हणाला, खारूसाठी पत्र दिलं तर नेशील? मी म्हटलं, नेईन, पण पाकीट उघडं दे. आधी तिची आई वाचेल, मग तिला वाटलं तर खारूला देईल. तो बराच वेळ टेबलाशी कागद घेऊन बसतो आणि उठतो. अजून काही दिलेलं नाही. दिलं तर आणीन, नाही तर एकटी येईन.

सहा एप्रिलला दुपारी उतरते. विमानतळावर तू जरा मागे उभी राहा आणि तिला पुढे कर. मला आधी ती दिसू दे, तुझ्याशी मग बोलेन.